३३/११ केव्ही उपकेंद्रासाठी केबलची निवड: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

कामाची व्याप्ती ठरली. ट्रान्सफॉर्मर दोन, प्रत्येकी १०/१२.५ एमव्हीए: पंखे बंद असताना १०, पंखे चालू झाल्यावर १२.५. इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) १२.५ एमव्हीएच्या आधारावर १० टक्के. ११ केव्हीचा न्यूट्रल (तिन्ही फेजचा सामाईक बिंदू) थेट अर्थ केलेला. ३३ केव्ही बाजूला ग्रिडकडून मिळालेली फॉल्ट पातळी (शॉर्टसर्किटचा जास्तीत जास्त प्रवाह) २५ किलोअँपिअर, अर्थ फॉल्ट ८ किलोअँपिअर.

केबलचे तीन गट पडतात. अ: ३३ केव्ही पॅनेल ते ट्रान्सफॉर्मर, ४५ मीटर. ब: ट्रान्सफॉर्मर ते ११ केव्ही इन्कमर (वीज आत घेणारे) पॅनेल, ६० मीटर. क: बाहेर जाणारे ११ केव्ही फीडर, पहिल्या खांबापर्यंत १२० ते ३०० मीटर, जमिनीखालून.

जुन्या यादीत तिन्ही गटांसाठी एकच ओळ होती: ‘तीन कोर, ३०० चौ.मिमी, ॲल्युमिनियम, एक्सएलपीई, आर्मर्ड’ (एक्सएलपीई म्हणजे क्रॉस-लिंक केलेल्या पॉलिइथिलीनचे इन्सुलेशन, आर्मर म्हणजे धातूचे कवच). ती वापरायची नाही. गट अ मध्ये साइझ शॉर्टसर्किटवर ठरेल, ब मध्ये लोडवर, आणि क मध्ये स्क्रीन (इन्सुलेशनभोवतीचा अर्थ केलेला धातूचा थर) व जमिनीतला ओलावा यांवर. एका ओळीत हे तिन्ही मावत नाही.

५ फेब्रुवारी

व्होल्टेज वर्ग. ‘११ केव्ही केबल’ एवढे लिहून भागत नाही, कारण इन्सुलेशनची जाडी फेज आणि अर्थ यांच्यामधल्या व्होल्टेजवर (यापुढे यू०) ठरते. न्यूट्रल थेट अर्थ आहे आणि अर्थ फॉल्ट झाल्यावर फीडर एका सेकंदाच्या आत तुटतो, म्हणून ६.३५/११ केव्ही पुरेसे. आयईसी ६०५०२-२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात हे ६/१० (१२) केव्ही वर्गात बसते (पहिला आकडा यू०, दुसरा दोन फेजमधला, कंसातला कमाल), इन्सुलेशन ३.४ मिमी. न्यूट्रल अर्थ नसता आणि फॉल्ट तासन्‌तास राहू देण्याची पद्धत असती, तर निरोगी दोन फेजवर अर्थच्या तुलनेत पूर्ण ११ केव्ही आले असते. तेव्हा वरच्या वर्गाची जास्त जाडी मागावी लागली असती.

३३ केव्हीसाठी १८/३० (३६) वर्ग, जाडी ८.० मिमी.

न्यूट्रलची जोडणी पुढे बदलण्याचा विचार आहे का, हे आत्ताच लेखी विचारून घेतले. उत्तर ‘नाही’ आले. रेझिस्टन्स घालून अर्थ फॉल्ट कमी केला तरी हा वर्ग चालेल, अट एकच: फॉल्ट लगेच तुटला पाहिजे.

१० फेब्रुवारी

गट ब चे लोड गणित. १० एमव्हीए धरले तर ५२५ अँपिअर येतात. पण पंखे चालू झाल्यावर ट्रान्सफॉर्मर १२.५ देतो आणि तो आकडा ६५६ अँपिअर आहे. केबल १० वर काढली, तर ट्रान्सफॉर्मरची वरची अडीच एमव्हीए क्षमता कायमची वाया जाते. हिशोब ६५६ वरच.

ट्रेंचमधली (केबलच्या झाकलेल्या चरातली) हवा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जाईल असे धरले. तक्ते ३० अंशांवर बेतलेले असतात. दुरुस्तीचा गुणक (९० − ४५) भागिले (९० − ३०) याचे वर्गमूळ, म्हणजे ०.८७. शेजारी दुसऱ्या केबल असल्याबद्दल आणखी ०.९. मग तक्त्यातून हवी असलेली क्षमता: ६५६ ÷ (०.८७ × ०.९) = ८३८ अँपिअर.

फेजला एकच ६३० चौ.मिमी ॲल्युमिनियम यात बसत नाही. मागवलेल्या तक्त्यांत ती ट्रेफॉइल मांडणीत (तीन फेजच्या तीन केबल त्रिकोणात एकत्र) हवेत ८०० च्या आतच आहे. उरलेले दोन पर्याय: फेजला एक ६३० तांबे, किंवा फेजला दोन ३०० ॲल्युमिनियम. दुसऱ्यात प्रत्येकीवर ४१९ अँपिअरची मागणी, तक्त्यात ४८० च्या आसपास. २४० चौ.मिमी जवळजवळ काठावर बसते म्हणून सोडली.

तोट्याचा फरकही काढला. ९० अंशांवर दोन-३०० ॲल्युमिनियमचा ६० मीटरवरचा पूर्ण लोडचा तोटा साधारण ५ किलोवॉट, एक-६३० तांब्याचा ३.२. फरक १.८ किलोवॉट. लॉस लोड फॅक्टर (सरासरी तोटा भागिले पूर्ण लोडचा तोटा) ०.३ धरला तर वर्षाला सुमारे ४,७०० युनिट. एवढ्या फरकासाठी तांबे घ्यावे असे वाटत नाही. शिवाय ६३० तांब्याची एक केबल पॅनेलच्या अरुंद बॉक्समध्ये वळवताना टर्मिनलच्या बुशिंगवर जो ताण येतो तो वेगळाच. निर्णय: फेजला दोन, एक-कोर ३०० ॲल्युमिनियम. पॅनेलच्या केबल बॉक्समध्ये फेजला दोन टर्मिनेशन (केबलच्या टोकाच्या जोडण्या) बसतात का, हे पॅनेल उत्पादकाच्या ड्रॉइंगवर तपासून घेतल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही.

११ फेब्रुवारी

शॉर्टसर्किट. सूत्र साधे: क्षेत्रफळ = प्रवाह × √वेळ ÷ गुणक. एक्सएलपीईमध्ये कंडक्टर ९० वरून २५० अंशांपर्यंत जाऊ द्यायचा असतो, त्यासाठी गुणक ॲल्युमिनियमला ९४, तांब्याला १४३.

११ केव्ही पॅनेलची क्षमता २५ किलोअँपिअर, ३ सेकंद. तोच आकडा केबलला लावला तर ४६१ चौ.मिमी निघते आणि लहानसा फीडरसुद्धा ५०० चा होतो. पण पॅनेलची क्षमता म्हणजे प्रत्यक्ष फॉल्ट नव्हे. १० टक्के इम्पीडन्समधून एक ट्रान्सफॉर्मर जास्तीत जास्त ६.५६ किलोअँपिअर देतो, दोन्ही समांतर असताना बसवर १३.१.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. इन्कमर केबलच्या कंडक्टरमधून १३.१ कधीच जात नाही. फॉल्ट बसवर झाला तर तिच्यातून फक्त तिच्या ट्रान्सफॉर्मरचा ६.५६ जातो. ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर झाला तर उलट्या दिशेने दुसऱ्याचा ६.५६. केबलच्या मध्ये झाला तर दोन्ही बाजूंनी ६.५६ येतो, पण प्रत्येक तुकड्यातून तेवढाच. फीडरची गोष्ट निराळी. त्याच्यातून पूर्ण १३.१ जातो.

निकाल असे. ब: ६.५६ किलोअँपिअर, ३ सेकंद धरले तरी १२१ चौ.मिमी, लोडवर निघालेले ३०० चौ.मिमी भरपूर. क: १३.१, एक सेकंद, १४० चौ.मिमी, १८५ पुरते, पण पुढच्या लोडवाढीसाठी २४० ठेवतो. अ: २५ किलोअँपिअर, एक सेकंद, २६६ चौ.मिमी, म्हणून ३००, जरी लोड जेमतेम २१९ अँपिअर असले तरी. गट अ मध्ये ‘लोड एवढे कमी, मग १५० का नको’ हा प्रश्न खरेदी विभागाकडून हमखास येणार. हे गणित फाइलच्या पहिल्या पानावर लावले आहे.

१४ फेब्रुवारी

स्क्रीन. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होते. खरेदीच्या कागदावर ‘कॉपर टेप स्क्रीन’ लिहिले जाते आणि पुढे कोणी विचारत नाही.

०.१ मिमी जाडीची टेप २८ मिमी व्यासाच्या कोरवर गुंडाळली तर क्षेत्रफळ निघते साधारण ९ चौ.मिमी. गुणक १४३ धरला तर एका सेकंदासाठी १.३ किलोअँपिअर. न्यूट्रल थेट अर्थ असताना फीडरच्या सुरुवातीला अर्थ फॉल्ट १३ किलोअँपिअरच्या घरात असतो. म्हणजे संरक्षण जरा सुस्त असले की फॉल्टची जागा दुरुस्त करूनही केबल वाचत नाही. स्क्रीन कित्येक मीटर जळून गेलेली असते आणि हे पुढच्या फॉल्टपर्यंत कळत नाही. टेपला आणखी एक दोष आहे. वेढे एकमेकांवर चढतात तिथे काळाबरोबर ऑक्साइड जमतो, तिथला संपर्क जातो आणि प्रवाह सरळ न जाता टेपच्या वेढ्यांमधून फिरत जातो. रेझिस्टन्स अनेक पटींनी वाढतो.

एक-कोर केबलसाठी तांब्याच्या तारांची स्क्रीन, वर उलट दिशेने गुंडाळलेली तांब्याची टेप. ३५ चौ.मिमी एका सेकंदाला ५ किलोअँपिअर घेते, १३.१ ला ती ०.१५ सेकंदच टिकते. ५० चौ.मिमी ०.३ सेकंद टिकते. इन्कमर केबल डिफरन्शियल रिलेच्या (दोन टोकांचे प्रवाह ताडून फॉल्ट ओळखणाऱ्या) कक्षेत आहे आणि ब्रेकर धरून ०.१ सेकंदात तुटते, त्यामुळे ५० घेतल्यावर मोकळीक मिळते. ३३ केव्हीला ८ किलोअँपिअरवर हीच ५० चौ.मिमी ०.८ सेकंद काढते. बॅकअप रिले ०.६ वर लावायचा, त्याच्या वर नाही.

तीन-कोर फीडरमध्ये टेप आणि जस्तलेपित स्टील पट्ट्यांचे आर्मर मिळून प्रवाह वाहतात. त्या दोन्हींची एकत्रित क्षमता उत्पादकाने गणितासह लेखी द्यावी, अशी अट घातली. फीडरच्या इन्स्टंटेनियस (विलंब न लावणाऱ्या) अर्थ फॉल्ट सेटिंगचा कागद त्याच पानाला जोडायचा.

१९ फेब्रुवारी

इन्सुलेशनचा तपशील लिहिला. एक्सएलपीईच; ईपीआर (रबरी इन्सुलेशन) ओलाव्यात चांगले टिकते आणि लवचिकही असते, पण त्याचा डायलेक्ट्रिक लॉस (इन्सुलेशनमध्येच होणारा तोटा) जास्त आणि इथे लवचिकतेची तेवढी गरज नाही. फीडरसाठी मात्र वॉटर ट्री (ओलाव्यामुळे इन्सुलेशनमध्ये झाडासारखी पसरत जाणारी सूक्ष्म खराबी) रोखणारे एक्सएलपीई मागितले आहे.

वॉटर ट्रीला तीन गोष्टी लागतात: पाणी, विद्युत ताण आणि सुरुवात करायला एखादा दोष, म्हणजे कण, पोकळी किंवा सेमिकॉनचा (अर्धवाहक थराचा) आत घुसलेला टोकदार उंचवटा. पहिल्या दोन जमिनीत कायम असतात. तिसरी कारखान्यात रोखता येते. म्हणून पुढील अटी:

– कंडक्टरची स्क्रीन, इन्सुलेशन आणि इन्सुलेशनची स्क्रीन हे तिन्ही थर (दोन्ही स्क्रीन सेमिकॉनच्या) यंत्राच्या एकाच हेडमधून एकदम.
– क्युअरिंग (इन्सुलेशन उष्णतेने पक्के करणे) कोरडे, नायट्रोजनखाली. वाफेवर केलेल्या क्युअरिंगमध्ये इन्सुलेशनमध्ये सूक्ष्म पोकळ्या जास्त राहतात.
– कंडक्टरमध्ये पाणी अडवणारी पावडर किंवा सूत, आणि तारांच्या स्क्रीनखाली फुगणारी टेप. बाहेरचे आवरण एका जागी फाटले तर पाणी केबलभर पसरू नये.
– इन्सुलेशनची जाडी कुठेही ‘नाममात्र जाडीच्या ९० टक्के वजा ०.१ मिमी’ यापेक्षा कमी नको: ११ केव्हीला २.९६, ३३ केव्हीला ७.१ मिमी.
– विकेंद्रता, म्हणजे (कमाल − किमान) ÷ कमाल, ०.१५ च्या आत.

सेमिकॉनची बाहेरची स्क्रीन सोलता येणारी. चिकटलेली स्क्रीन ११ केव्हीच्या कामात टर्मिनेशन करणाऱ्याला घासत बसायला लावते आणि घासताना इन्सुलेशन जाते. सोलण्याचा जोर १० मिमी पट्टीला ४ ते ४५ न्यूटन. खालची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. फार सहज सुटणारी स्क्रीन केबल वाकवताना आतून सुटते आणि तिथे पार्शल डिस्चार्ज (पोकळीतल्या बारीक ठिणग्या) सुरू होतो.

२४ फेब्रुवारी

आवरण आणि आर्मर. ट्रेंचमधल्या केबलना आग न पसरवणारे, धूर कमी देणारे आवरण. जमिनीतल्या फीडरला पॉलिइथिलीन, प्रकार एसटी७. पाणी कमी शोषते, घासायला कणखर. तेच आवरण इमारतीत नेऊ नये, जळते. फीडरचा पॅनेलखालचा शेवटचा तुकडा आगरोधक लेपाने झाकायचा.

पीव्हीसी आल्यास एसटी२ च. एसटी१ हे ८० अंशांच्या कंडक्टरसाठी आहे, ९० च्या एक्सएलपीईवर ते काही वर्षांत कडक होऊन तडकते. कोटेशनमध्ये नुसते ‘पीव्हीसी’ लिहिलेले असते, तिथे प्रकार विचारायचाच.

सगळ्या आवरणांवर बाहेरून वाहक थर. तो नसेल तर कोरड्या ट्रेंचमध्ये आवरणाची चाचणी करताच येत नाही, कारण व्होल्टेज लावायला दुसरी बाजू मिळत नाही.

एक-कोर केबलना स्टीलचे आर्मर नाही. एका फेजच्या भोवती लोखंडाचे कडे आले की त्यात चुंबकीय प्रवाह फिरून ते तापते. ट्रेंच बंद आणि झाकलेला असल्याने अ आणि ब आर्मरशिवाय घेतल्या. ग्लँड प्लेटही (केबल ज्यातून पॅनेलमध्ये शिरते तो पत्रा) ॲल्युमिनियमची; पॅनेलसोबत येणारी स्टीलची प्लेट बदलून घ्यायची.

गट अ तीन-कोर की एक-कोर, यावर चर्चा झाली. ३३ केव्ही तीन-कोर ३०० चा बाहेरचा व्यास १०० मिमीच्या आसपास, वळणाची किमान त्रिज्या १५ पट म्हणजे दीड मीटर. ट्रेंचच्या कोपऱ्यात १.२ मीटरच मिळते. एक-कोर ४७ मिमी, २० पट म्हणजे ०.९४ मीटर. प्रश्न तिथेच मिटला. दोन्ही गटांत एक जादा कोर टाकून ठेवायची, टोके सीलबंद करून.

५ मार्च

तीन प्रस्ताव आले. दरांच्या आधी तांत्रिक तक्ता भरला. एकात स्क्रीनचे क्षेत्रफळच दिलेले नव्हते. एकात ‘आयईसीनुसार’ एवढेच लिहून टाइप टेस्टचा अहवाल जोडला होता, पण तो अहवाल वेगळ्या कारखान्यातल्या लाइनवरचा आणि १५० चौ.मिमीचा निघाला. टाइप टेस्ट केबलच्या रचनेची आणि ती बनवणाऱ्या लाइनची असते. कंपनीच्या नावाची नसते. दोघांनाही लेखी खुलासा मागितला आहे.

तिघांकडूनही गट ब चा एक मीटर नमुना.

१२ मार्च

नमुने कापून पाहिले. आडवी चकती धारदार ब्लेडने कापली, प्रोजेक्टरखाली प्रत्येक नमुन्याची सहा ठिकाणी जाडी मोजली.

पहिला: किमान ३.३८, कमाल ३.६१. विकेंद्रता ०.०६. उत्तम.

दुसरा: किमान ३.१८, कमाल ३.८२. किमान जाडी २.९६ च्या बरीच वर, सरासरीही ३.४ च्या वर. नुसती जाडी पाहिली असती तर पास. विकेंद्रता ०.१७, नापास. याचा अर्थ गरम इन्सुलेशन क्युअरिंग ट्यूबमध्ये खाली ओघळते आहे किंवा हेडचे सेंटरिंग ढिले आहे. असा कोर सेमिकॉनसकट टर्मिनेशनमध्येही गोल बसत नाही.

तिसरा: ०.०९. पण स्क्रीन सोलताना जोर लावताच तुटत होती, मागे काळे ठिपके राहात होते. वजनकाट्यावर ओढून पाहिले तर ४५ न्यूटनच्या वर गेला.

पातळ चकत्या गरम सिलिकॉन तेलात टाकल्या. १३० अंशांजवळ एक्सएलपीई काचेसारखे पारदर्शक होते आणि आतले कण, पोकळ्या, सेमिकॉनचे उंचवटे भिंगाखाली स्पष्ट दिसतात. पहिल्या नमुन्यात काही नाही. दुसऱ्यात अंबर रंगाचे दोन ठिपके, जास्त तापून करपलेल्या इन्सुलेशनचे. ही तपासणी स्वस्त आहे, तासाभरात होते, आणि चकचकीत आवरणाखाली काय आहे हे तिच्याइतके थेट सांगणारे दुसरे काही नाही.

शिफारस पहिल्याची.

९ एप्रिल

कारखान्यातील चाचण्या. प्रत्येक ड्रमवर पार्शल डिस्चार्ज आणि व्होल्टेज चाचणी, नमुन्यावर बाकीच्या.

कंडक्टर रेझिस्टन्स: ३०० ॲल्युमिनियमची कमाल मर्यादा २० अंशांवर ०.१०० ओहम प्रति किमी. मीटरवर ०.१०१२ आले, ३१ अंशांवर. दुरुस्ती केल्यावर ०.०९६९, पास. याच कारणासाठी तापमान हवेचे नव्हे, केबलचे नोंदवायचे, आणि ड्रम त्याच खोलीत रात्रभर ठेवलेला असला पाहिजे. बाहेर उन्हात उभा असलेला ड्रम आत आणून लगेच मोजला, तर पृष्ठभाग निवतो आणि आतला कंडक्टर गरमच राहतो.

पार्शल डिस्चार्ज: व्होल्टेज २ यू० पर्यंत नेऊन १.७३ यू० वर आणले (यू० इथे वर्गाचा, ६ आणि १८ केव्ही), म्हणजे ११ केव्हीच्या केबलला १०.४ केव्ही, ३३ ला ३१.१. प्रमाणकात १० पिकोकुलोम संवेदनशीलता चालते. इथे पार्श्वगोंगाट २ पिकोकुलोम होता आणि त्याच्या वर काही दिसले नाही. गोंगाट ८-९ असताना ‘डिस्चार्ज नाही’ हा निकाल स्वीकारायचा नाही, असे आधीच ठरले होते.

व्होल्टेज: ३.५ यू०, पाच मिनिटे; २१ केव्ही आणि ६३ केव्ही. सर्व ड्रम पास.

हॉट सेट (गरम करून ताणण्याची चाचणी): २०० अंश, १५ मिनिटे, प्रति चौ.सेमी २० न्यूटन ताण. लांबी ७० टक्के वाढली, मर्यादा १७५. थंड झाल्यावर उरलेली वाढ २ टक्के, मर्यादा १५. क्युअरिंग पूर्ण असल्याची ही खूण. नमुना इन्सुलेशनच्या आतल्या भागातून घेतला, कारण उष्णता बाहेरून आत जाते आणि क्युअरिंग अपुरे राहिलेच तर कंडक्टरजवळ.

२ मे

ड्रम साइटवर आले. टोकांवरच्या टोप्या, ड्रमवरचा बाण, फळ्या तपासल्या. एका ड्रमची टोपी फाटलेली. तेवढ्या टोकाचा एक मीटर कापून कंडक्टर उकलला. पावडर कोरडी, फुगलेली नाही. आणखी अर्धा मीटर कापून नवी हीट श्रिंक टोपी लावली. पाणी आत गेले असते तर कोरडा नायट्रोजन सोडून ते काढावे लागले असते.

९ मे

केबल ओढण्याचे काम. ॲल्युमिनियमला कंडक्टरवरून ओढताना प्रति चौ.मिमी ३० न्यूटन, म्हणजे ३०० ला ९ किलोन्यूटन. मीटरवर सर्वात जास्त २.४ दिसले. कोपऱ्यात रोलर दर अर्ध्या मीटरवर.

गट ब मध्ये प्रत्येक ट्रेफॉइलमध्ये आर, वाय, बी अशा तिन्ही फेज. एकाच फेजच्या दोन केबल एका गठ्ठ्यात बांधल्या तर इंडक्टन्स असमान होतो, लोडची वाटणी बिघडते आणि एक केबल तापत राहते. दोन्ही ट्रेफॉइलची लांबी एकसारखी कापली.

क्लीट (केबल घट्ट धरणारी पकड). फॉल्टच्या पहिल्या शिखराला केबल एकमेकींना दूर ढकलतात. ट्रेफॉइलसाठी बल = ०.१७ × शिखर प्रवाहाचा वर्ग (किलोअँपिअर) ÷ केंद्रांतर (मीटर). ३३ केव्हीला शिखर ६२.५ आणि अंतर ०.०४७, म्हणजे मीटरला १४ किलोन्यूटन. दर ६०० मिमीवर क्लीट लावली तरी प्रत्येकीवर साडेआठ. नायलॉन टायचा इथे काही उपयोग नाही. क्लीटचा चाचणी अहवाल याच शिखर प्रवाहाचा आणि याच अंतराचा असावा. ११ केव्ही इन्कमरवर, सगळा प्रवाह एकाच ट्रेफॉइलमधून गेला असे धरले तरी, मीटरला सव्वा किलोन्यूटनच. तिथे दर मीटरला क्लीट.

१६ मे

टर्मिनेशन. नोंदवण्याजोगे मुद्दे एवढेच:

सेमिकॉनच्या कडेला ब्लेड इन्सुलेशनमध्ये उतरता कामा नये. कापण्याची खोली ठरवून दिलेला कटर वापरला. पॉलिश पेपर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. एमरी चालत नाही, तिचे कण वाहक असतात. पुसताना हात इन्सुलेशनच्या टोकाकडून स्क्रीनकडे, उलटा कधीच नाही, आणि एक कापड एकदाच. स्ट्रेस कंट्रोल ट्यूब (कडेवरचा विद्युत ताण पसरवणारी नळी) सेमिकॉनवर किटमध्ये दिलेल्या अंतराइतकी चढलीच पाहिजे. ती कमी चढली की टर्मिनेशन सुरुवातीला चालते आणि पुढे त्या कडेवरच फुटते.

कॉम्पॅक्ट कंडक्टरला लग (टोकाला दाबून बसवायचा धातूचा जोड) आणि डाय (दाबण्याचा साचा) दोन्ही त्याच व्यासाचे. तारा ब्रशने घासून लगेच ग्रीस लावले, नाहीतर ऑक्साइड पुन्हा चढतो. तांब्याच्या बसबारवर बायमेटल (ॲल्युमिनियम-तांबे) लग.

१९ मे

स्क्रीनचे अर्थिंग. गट ब: दोन्ही टोके अर्थ केली तर स्क्रीनमध्ये फिरणारा प्रवाह पूर्ण लोडवर ३६ अँपिअरच्या आसपास येतो, तोट्यात वाढ चार-पाच टक्के. एकच टोक अर्थ केले तर मोकळ्या टोकावर लोडमध्ये सुमारे १ व्होल्ट, तिन्ही फेजच्या फॉल्टला सुमारे १०. दोन्ही चालण्यासारखे. दोन्ही टोके अर्थ करायचे ठरले, कारण अर्थ फॉल्टला परतीच्या दोन वाटा मिळतात. हीच मांडणी ६० ऐवजी ६०० मीटर असती तर विचार वेगळा झाला असता.

फीडरवर कोअर-बॅलन्स सीटी (तिन्ही फेजच्या प्रवाहांची बेरीज मोजणारी कडी) आहेत. स्क्रीनची अर्थ वायर सीटीच्या वर निघते तेव्हा ती सीटीमधून परत खाली आणून मगच अर्थला जोडायची. तशीच बाहेरून जोडली तर स्क्रीनमधून परत येणारा प्रवाह कंडक्टरचा प्रवाह खोडून टाकतो आणि रिलेला फॉल्ट दिसतच नाही. दोन फीडरवर वायर बाहेरून गेली होती, दुरुस्त केली.

२१ मे

आवरणाची चाचणी: जाडी २.२ मिमी, मिलिमीटरला ४ केव्ही म्हणजे ८.८ केव्ही डीसी, एक मिनिट. एका फीडरवर गळती वाढत गेली. जागा शोधली, रस्त्याखालच्या पाइपच्या तोंडाशी आवरण खरचटले होते. दुरुस्ती स्लीव्ह घालून पुन्हा चाचणी, पास. ही चाचणी माती भरल्यावर, पण वर काँक्रीट पडण्याआधी करायची.

मुख्य चाचणी ०.१ हर्ट्झवर, ३ यू० (इथे यू० प्रत्यक्ष सिस्टिमचा, ६.३५ आणि १९ केव्ही), १५ मिनिटे: १९ केव्ही आणि ५७ केव्ही. एक्सएलपीईवर डीसी हायपॉट (उच्च व्होल्टेजची चाचणी) नको. डीसीने इन्सुलेशनमध्ये अडकलेला चार्ज लवकर निघत नाही आणि एसी चालू झाल्यावर तोच इजा करतो. शिवाय पोकळीसारखे दोष डीसीला दिसतही नाहीत. सर्व केबल पास. टॅन डेल्टाची (इन्सुलेशनमधल्या तोट्याच्या मापाची) आकडेवारी पुढच्या तुलनेसाठी फाइलला लावली.

३ जून

पहिला ट्रान्सफॉर्मर लोडवर. ११ केव्हीला ४२० अँपिअर असताना क्लँप मीटरने दोन ट्रेफॉइलमधली वाटणी: आर २१२ आणि २०८, वाय २०९ आणि २११, बी २१४ आणि २०६. सर्वात मोठा फरक ४ टक्क्यांच्या आत. स्क्रीनमध्ये २२ ते २४ अँपिअर. गणिताने या लोडला २३ यायला हवे होते. थर्मल कॅमेऱ्यात सर्व लग एकमेकांच्या दोन अंशांच्या आत.

पंखे चालू होऊन लोड ६०० च्या वर जाईल तेव्हा हीच मोजणी पुन्हा घ्यायची, ट्रेंचमधल्या हवेच्या तापमानासह. ४५ अंश हे गृहीतक आहे. झाकणाखाली दोन सेन्सर बसवले आहेत.